समोरचा फोटो

नमुनेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण सगळे त्यांना याच नावाने ओळखतात आणि त्यांनीही कधी कुणाला अडवलं नाही. अडवणं त्यांच्या स्वभावातच नाही. तरुणपणी एकदा न्हाव्याने न विचारता मिशी उतरवली, तर "असू दे, हलकं वाटतंय" म्हणून घरी आलेला हा माणूस. अशा माणसाला टोपणनाव चिकटायला वेळ लागत नाही, आणि एकदा चिकटलं की ते घरच्यांनाही चिकटतं. त्यांच्या बायकोला गल्लीत नमुनेबाई म्हणणारेही आहेत. तिला ते बिलकूल आवडत नाही.

नावाची गोष्ट अशी. बायकोचा थोरला भाऊ, त्याला आपण मेव्हणेबुवा म्हणू, ऐन उमेदीत कुठूनसं एक नवं काम शिकून आला. टकलावर सुईने रंगाचे बारीक बारीक ठिपके भरायचे. एकेक ठिपका म्हणजे एकेक कापलेला केस. असे हजारो ठिपके नीट भरले की बघणाऱ्याला वाटतं, याला टक्कल नाहीच, याने हौसेने डोकं भादरलंय. विद्या शिकून झाली, मशीन आलं, रंगाच्या बाटल्या आल्या. आता हवं होतं एक डोकं. घरात टक्कल एकच होतं, आणि ते नाही म्हणणाऱ्यातलं नव्हतं.

"दाजी, तुम्ही फक्त बसा," मेव्हणेबुवा म्हणाले. "बाकी सगळं माझ्यावर सोडा."

दाजी बसले, ते बसलेच.

त्या वेळी नमुनेरावांचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ होता. चिंचोळी खोली, मागे निळा पडदा, पुढे एक फिरतं स्टूल, आणि आरशाशेजारी दोरीला बांधलेला कंगवा. गिऱ्हाईक आधी कंगव्याकडे बघायचं, मग नमुनेरावांच्या डोक्याकडे, आणि मग ओठ दाबून केस विंचरायचं. पंचविशीतच त्यांचे केस निरोप न घेता निघून गेले होते. पुढे ज्याच्या त्याच्या हाती फोन आले, लोक घरच्या भिंतीसमोर उभे राहून फोटो काढू लागले आणि स्टुडिओलाही टक्कल पडत चाललं. अशा वेळी मेव्हणेबुवांनी हात दिला. डोक्यावर ठिपके दिले, हाताला काम दिलं, पुढे आपल्याच इमारतीत राहायला दोन खोल्या दिल्या.

पहिली बैठक झाली ती घरच्याच खोलीत. मध्येच वीज गेली, पण मशीन बॅटरीवरचं. मेव्हणेबुवांचा उत्साह असा की ते थांबायला तयार नाहीत. नमुनेरावांच्या बायकोने टॉर्च धरला आणि उरलेलं डोकं टॉर्चच्या उजेडात भरून झालं. दुसऱ्या दिवशी नमुनेरावांनी आरशात पाहिलं. कपाळावर केसांची ठसठशीत रेघ. समोरून तरी झकास दिसत होतं. बायकोने मागून, वरून पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे." ती एवढंच म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

त्याच आठवड्यात त्या डोक्याचा फोटो काढला गेला आणि कामाचा नमुना म्हणून त्याचा बोर्ड झाला. हनुवटी जरा वर, नजर लांब कुठेतरी, एखाद्या खेळाडूसारखा रुबाब. हा बोर्ड आजही चौकातल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. त्याच्याखालून नमुनेराव रोज कामाला जातात, डोक्यावर टोपी घालून.

काम म्हणजे फोटो बघायचे. बोलायला सोपं, पण त्यातली खुबी त्यांनाच ठाऊक. ठिपके भरून गेलेलं गिऱ्हाईक महिन्याभराने डोक्याचे फोटो पाठवतं आणि ते काम पास की नापास, हे नमुनेरावांनी ठरवायचं. पास झालं तर फोटो भिंतीवर लागतो. कमी वाटलं तर गिऱ्हाइकाला आणखी एकदा बोलवायचं. परगावचे लोकही नुसते फोटो पाठवून विचारतात, की आमचं होईल का, किंवा दुसरीकडून करून घेतलंय, ते सुधारेल का. त्यांनाही उत्तर नमुनेरावच लिहितात.

फोटो कसे हवेत, याचे नियम त्यांनी स्वतः बसवलेले आहेत. पाच फोटो: समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून आणि वरून. भुवयांच्या वरचं तेवढंच. दिव्याखाली नाही, खिडकीच्या उजेडात. खांद्यावर पांढरा टॉवेल, कारण शेजारी पांढरं असल्याशिवाय काळा किती काळा आणि किती निळा ते फोटोत कळत नाही. आणि सुई लागली त्या दिवशीचा फोटो तर मुळीच नको. त्या दिवशी कातडी लाल असते, ठिपके ताजे उठून दिसतात, सगळंच सुंदर. खपल्या पडू देत, रंग बसू दे, मग कळतं काय ते. ठिपका ठिपक्यापासून सुटा राहिलाय की पसरून एक झालाय. रेघ केसांची वाटते की पट्टी ठेवून मारल्यासारखी. कानाशी खरे केस आणि खोटे ठिपके एकमेकांत मिसळलेत की शिवण दिसतेय.

लोक काय काय करतील याला सुमार नाही. एकाने 'आधी'चा फोटो डोकं ओलं करून काढला आणि 'नंतर'चा कोरडं करून. एकाने तर चक्क धाकट्या भावाचं डोकं स्वतःचं म्हणून पाठवलं. नमुनेरावांनी कानावरून ओळखलं. हे सगळं ते रात्रीच्या जेवणाला बायकोला रंगवून सांगायचे. फोटो कसा काढावा, टॉवेल का हवा, मान किती वाकवावी, सगळं. ती "हं" म्हणायची आणि वाढत राहायची. नमुनेरावांना वाटायचं, हिचं लक्ष नाही.

मेव्हणेबुवांचा आता या कामात चांगला हात बसलाय, आणि त्यांच्याकडे एक मुलगी सुई धरते तिचा तर त्यांच्याहून सुरेख. त्यामुळे नापास फार थोडे होतात. पण नमुनेरावांनी नापास म्हटलं की मेव्हणेबुवाही वाद घालत नाहीत. आलेल्या-गेलेल्याला अभिमानाने सांगतात, "आमच्या जजचा शब्द शेवटचा. माझ्या बापाचं डोकं असलं तरी." एवढा मान नमुनेरावांना दुसऱ्या कुठल्याच बाबतीत कुणी दिला नव्हता.

एकच डोकं त्यांनी कधी तपासलं नव्हतं, ते त्यांचं स्वतःचं. कुणी तसं विचारलं नाही, आणि त्यांनीही दोन आरसे धरून वरून बघायची हिंमत केली नाही. समोरून जे दिसत होतं तेच पुरेसं होतं.

समोरून दिसायचं ते असं. डोकं पन्नाशी ओलांडून पुढे गेलं, पण रेघ पंचविशीतच राहिली. खाली डोळ्यांखालच्या पिशव्या, गालांवरच्या सुरकुत्या, आणि वर कपाळावर कॉलेजातल्या पोराची सरळसोट रेघ. काळा रंग जुना झाला की निळसर पडतो, तसा तो पडला होता. कानांमागचे उरलेसुरले खरे केस पांढरे झाले होते. एक दिवस दाढी-डोकं केलं नाही की खालून पांढरे खुंट आणि वरून निळे ठिपके, असा दुरंगी कारभार दिसायला लागायचा. म्हणून सकाळी उठल्यावर एकदा आणि दुपारी कामावरच्या मोरीत एकदा, अशी ते रोज दोनदा डोक्याची हजामत करायचे. उन्हाने रंग उडतो म्हणून टोपी. घामाने टोपीखाली खाज. बसमध्ये समोरच्या सीटवरची पोरं टक लावून बघायची आणि आईच्या कानाशी लागायची, म्हणून बसमध्येही टोपी. ज्याला टक्कल लपवायला एवढा खटाटोप करून दिला, तो माणूस आता टक्कल मिळावं म्हणून झुरत होता.

होय, त्यांना तेच हवं होतं. स्वतःचं, हक्काचं, वयाला शोभणारं टक्कल. त्यावर कडेकडेने पांढरे केस यावेत, सकाळी उठून नुसता हात फिरवावा, बागेतल्या बाकावर उघड्या डोक्याने बसावं आणि डास चावला तर तो तिथे मारावा. लेझरने ठिपके काढता येतात, हे त्यांना चांगलं माहीत होतं. कितीतरी नापास डोक्यांना त्यांनीच तो सल्ला दिला होता.

मेव्हणेबुवांकडे त्यांनी एकदाच विषय काढला होता. चहा घेताना, सहज बोलल्यासारखं.

"दादा, मी म्हणत होतो, माझं हे काढून टाकलं तर?"

"काढून?" मेव्हणेबुवांनी कप खाली ठेवला. "अहो दाजी, तुम्ही आमचा बोर्ड आहात! उद्या गिऱ्हाईक विचारेल, तुमच्या घरच्या माणसानेच काढून टाकलं, मग आम्ही का भरायचं? काय सांगू मी त्याला?"

सगळे हसले. नमुनेरावही हसले. मेव्हणेबुवा वाईट माणूस असते तर बरं झालं असतं, वाईट माणसाला नाही म्हणता येतं. पण बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर नमुनेरावांच्या शेजारी रात्रंदिवस बसून राहिलेला माणूस हाच होता. राहत्या खोल्यांचं भाडं म्हणून कधी शब्द काढला नव्हता. अशा माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं, की तुम्ही माझं डोकं बिघडवलंत? नमुनेरावांनी तो विषय पुन्हा काढला नाही. बायकोकडेही नाही. काही झालं तरी तिचा तो सख्खा भाऊ, तिच्यापुढे त्याच्या हाताला नावं कशी ठेवायची? ती दुखावेल म्हणून हे गप्प, आणि हे गप्प म्हणून घरात सगळं आलबेल.

अशी गाडी चालली होती. मग एका संध्याकाळी मेव्हणेबुवा पेढ्याचा पुडा घेऊन घरी आले. मोठ्या रस्त्यावर नवी जागा घेतली होती. चकचकीत काचा, तीन खुर्च्या, आणि बोर्ड आताच्या दुप्पट.

"आणि बोर्डावर पुन्हा आपले दाजीच!" मेव्हणेबुवा म्हणाले. "तेव्हाचा फोटो आणि आताचा, शेजारी शेजारी. इतकी वर्षं झाली तरी डोकं जसंच्या तसं! फक्त रंग जरा फिका पडलाय, तो पुन्हा भरून घेऊ. यावेळीही कुणाला हात लावू देणार नाही, मी स्वतः भरणार."

नमुनेरावांनी उरलेला अर्धा पेढा पुड्यावर ठेवला. जुन्या थरावर नवा थर म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? एक थर लेझरने निघता निघत नाही, दोन थर झाले की जन्माचं काम. आता भरलं की सुटायची वाट जवळजवळ बंद. आणि नव्या बोर्डाखाली उभं राहायचं ते मरेपर्यंत.

"कधी?" एवढंच त्यांनी विचारलं.

"पुढच्या शनिवारी. दुसरी गिऱ्हाइकं घेतलीच नाहीत मी त्या दिवशी."

बायको उठली, तांब्यात पाणी होतं तरी पाणी आणायला आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मधल्या रविवारी नमुनेराव दुपारी खिडकीशी खुर्ची टाकून पेपर वाचता वाचता झोपले. मान पुढे पडली, चष्मा मांडीवर घसरला. बायकोने उठवलं तेव्हा चहा गार होत आला होता.

सोमवारी कामाच्या फोनवर एका बाईंचा निरोप आला होता. नंबर अनोळखी. सोबत फोटो. 'माझ्या यजमानांचं डोकं आहे. फार वर्षांपूर्वी भरून घेतलं होतं. आता पुन्हा त्यावरच भरायचं चाललंय. भरावं की काढावं, ते सांगाल का?'

नमुनेरावांनी फोटो मोठे करून पाहिले आणि खूश झाले. खिडकीचा उजेड, खांद्यावर पांढरा टॉवेल, भुवयांवरून नेमकं कापलेलं. कुणी तरी मन लावून नियम वाचलेले दिसतात. मग त्यांनी डोकं पाहिलं आणि चुकचुकले. वरचे ठिपके पसरून एकमेकांत मिसळले होते, जुन्या पाटीवर ओलं फडकं फिरवल्यासारखा रंग. मागच्या बाजूला शेंडीपाशी चिंचोक्याएवढी जागा कोरीच राहिलेली. कुणा घिसाडघाईच्या माणसाने भरलं असावं, आणि मागाहून कुणी बघितलंही नसावं. बिचारा गृहस्थ इतकी वर्षं असं डोकं घेऊन हिंडतोय आणि त्याला कुणी सांगितलं नाही.

त्यांनी लिहिलं, 'फोटो उत्तम काढले आहेत. पण चारच आहेत, समोरचा नाही.'

उत्तर आलं, 'समोरून काढता येत नाही.'

गृहस्थ तयार होत नसेल, असं नमुनेरावांना वाटलं. पुरुष असेच असतात. समोरच्या फोटोवाचूनही जे दिसत होतं ते पुरेसं होतं. इतरांना ते दोन ओळीत उरकायचे, पण या बाईंना त्यांनी सविस्तर लिहिलं. कदाचित शनिवार जवळ येत होता म्हणून असेल. 'काम नापास आहे. त्यावर पुन्हा अजिबात भरू नका. रंग पसरलाय, आणखी भरलं तर डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखं दिसेल आणि मग काढणंही अवघड होईल. लेझरने हळूहळू काढून टाका. ज्यांनी हे केलं त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नका, मग ते कितीही जवळचे असोत.'

शेवटचं वाक्य कसं उमटलं ते त्यांनाच कळलं नाही. खोडावं का, असा विचार करेपर्यंत ते गेलंही होतं.

थोड्या वेळाने पुन्हा निरोप. 'त्यांना कसं सांगू? ते कधी काही बोलत नाहीत. म्हणून तुम्हाला विचारलं.'

नमुनेरावांनी लिहिलं, 'तुम्हीच सांगायला हवं. माणसाला स्वतःचं डोकं वरून दिसत नाही.'

त्यावर काही उत्तर आलं नाही. त्या दिवशी जेवताना ही हकीकत त्यांनी बायकोला सांगितली, ती बाई किती समजूतदार आहे म्हणून तिचं कौतुकही केलं. बायको म्हणाली, "मग तो माणूस ऐकेल असं वाटतं तुम्हाला?" नमुनेराव म्हणाले, "कुणास ठाऊक. नसेल त्याच्यात धमक." बायकोने त्यांच्या ताटात भाजी वाढली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांना वाटलं, मीठ कमी आहे का ते विचारतेय. "बरोबर झालंय," ते म्हणाले.

शनिवार उजाडला. नमुनेरावांनी नेहमीप्रमाणे डोकं केलं, टोपी घातली आणि निघाले. बायको दाराशी उभी होती. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण "लवकर या" यापलीकडे गाडी गेली नाही.

कामावर सगळे जमले होते. मेव्हणेबुवांनी नवा डगला घातला होता. सुई धरणारी मुलगी म्हणाली, "काका, नियम म्हणजे नियम. आधी फोटो," आणि तिने त्यांना खिडकीशी बसवून, खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून पाचही फोटो काढले. मग ते भिंतीवरच्या पडद्यावर लावले. पहिला वरचा आला.

"काय जजसाहेब?" मेव्हणेबुवा हात चोळत म्हणाले. "घ्यायचं ना भरायला?"

नमुनेराव पडद्याकडे बघून दचकले. पाटीवर फडकं फिरवल्यासारखा रंग. शेंडीपाशी चिंचोक्याएवढी कोरी जागा.

"अरे, हे गृहस्थ इथे कसे आले?" ते म्हणाले. "यांना मी नापास केलंय! पुन्हा सुई लावू नका म्हणून लिहून कळवलंय. त्यांच्या मंडळींना अगदी बजावून सांगितलंय मी."

मुलीने मेव्हणेबुवांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"काका," ती हळूच म्हणाली, "हे तुमचं आहे. आत्ताचंच."

आणि मग हसण्याचा जो स्फोट झाला तो आवरेना. मेव्हणेबुवांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "जजने स्वतःलाच नापास केलं! दाजी, तुम्ही म्हणजे खरंच नमुना आहात!" नमुनेरावही हसले, कारण इतक्या वर्षांत त्यांना दुसरं काही करता येतच नव्हतं. ज्या शब्दापुढे मेव्हणेबुवा आपल्या बापाचं डोकं ठेवायला तयार होते, तो शब्द त्यांनी सगळ्यांसमोर उच्चारला होता, आणि त्याचा विनोद झाला होता. हसता हसताच त्यांना पालथं झोपवण्यात आलं. गादीला चेहऱ्यापुरतं भोक होतं, त्यातून फक्त फरशी दिसत होती. मशीन सुरू झालं.

सुई लागायला लागल्यावर त्यांचं डोकं आतून चालायला लागलं. ते डोकं माझं, तर ती बाई कोण? पांढरा टॉवेल. खिडकीचा उजेड. मान पुढे पडलेली, म्हणून समोरून काढता येत नाही. आणि ती कोरी जागा. वीज गेली होती, टॉर्च धरला होता, आणि टॉर्च कुणाच्या हातात होता? 'ते कधी काही बोलत नाहीत. म्हणून तुम्हाला विचारलं.' नमुनेरावांना एकदम रडू आलं. पालथं पडलेल्या माणसाचं रडू सरळ फरशीवर पडतं, कुणाला दिसत नाही. आपल्या घरात एक माणूस इतकी वर्षं आपलं डोकं बघत होतं, आणि आपण तिच्यापासून ते लपवत होतो.

उठावं, असं त्यांच्या मनात लगेच आलं. पण लगेच उठले तर ते नमुनेराव कसले? आता ही ओळ होऊ दे, मग बोलू. मग वाटलं, कानापर्यंत येऊ दे. डोक्यावर सुई चालत राहिली आणि ते मनात वाक्य जुळवत राहिले, दादा, राग मानू नका, दादा, तसं नाही. डावी बाजू पूर्ण भरून झाली तरी वाक्य जुळलं नव्हतं.

"चला, आता या बाजूला वळा," मेव्हणेबुवा म्हणाले.

"थांबा," नमुनेराव म्हणाले.

"लघवीला जायचंय का?"

"नाही." ते उठून बसले. गालावर गादीचे वळ, डोळे लाल, डोकं अर्धं निळं आणि अर्धं काळंकुळकुळीत. जुळवलेली सगळी वाक्यं पळून गेली आणि उरलं तेवढं तोंडातून निघालं. "मला टक्कल हवंय, दादा."

या वेळी कुणी हसलं नाही. मेव्हणेबुवांच्या हातात मशीन नुसतंच घुरघुरत होतं.

"अहो, अर्धं झालंय! असं अर्धं डोकं घेऊन कुठे जाणार?"

"घरी."

"दाजी, वेड लागलंय का? याचा बोर्ड कसा करू मी आता?"

"नाहीच होणार," नमुनेराव म्हणाले. अर्ध्या डोक्याचा बोर्ड होत नाही, ही गोष्ट त्यांना बोलता बोलताच कळली, आणि पायांत जरा बळ आलं. त्यांनी चपला घातल्या. टोपी खुंटीवरच राहिली.

चौकातून जाताना लोकांनी वळून वळून पाहिलं. पानवाल्याने तर हाताने दोन भाग करून शेजाऱ्याला दाखवलं. वर बोर्डावर त्यांचं जुनं डोकं लांब कुठेतरी बघत होतं. ते कधी उतरेल ते मेव्हणेबुवाच जाणोत. कदाचित नव्या जागेवर तेच जाईल, तेच जुनं. त्यावर आपला काही हक्क नाही, हे नमुनेरावांना कळत होतं. ते मान खाली घालून झपझप चालत राहिले.

बायकोने दार उघडलं. तिने आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग डोक्याकडे. तिचा हात तोंडावर गेला.

"अर्धंच?"

"अर्ध्यातून उठलो."

"भांडलात?"

"भांडता आलं नाही. नुसतं सांगितलं." ते उंबऱ्यातच उभे होते. "डावीकडे आता दोन थर झालेत. निघायला फार वेळ लागेल. आधीच उठायला हवं होतं मी."

"लागू दे वेळ." तिने त्यांना हाताला धरून आत घेतलं. "नंबर शेजारच्या शिंपीणबाईंचा होता."

"कळलं मला. सुई लागत होती तेव्हा कळलं."

"टॉर्च मीच धरला होता ना," ती म्हणाली. "दादाचा हात घसरला, जागा राहिली, मला तेव्हाच दिसलं होतं. पण तो इतका खुशीत होता. मग तुम्ही खुशीत होता. म्हटलं, आता कसं बोलू? आणि मग इतकी वर्षं..." तिचा आवाज फुटला. "तुम्ही तरी एका शब्दाने बोललात का मला?"

"तुझा भाऊ आहे तो."

"आणि तुम्ही कोण आहात?"

तिने डोळे पुसले, कपाटातून पांढरा टॉवेल काढला आणि खिडकीशी खुर्ची सरकवली. लेझर करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंना फोटो पाठवायचे होते, त्यांच्याशी तिने शुक्रवारीच बोलून ठेवलं होतं. नमुनेराव खुर्चीत बसले. तिने टॉवेल खांद्यावर सारखा केला. ठणकणाऱ्या बाजूला धक्का लागू न देता मान हवी तेवढी वाकवली, आणि वरून फोटो काढला. मग मागून. मग एकेका बाजूने. मध्येच फोन वाजायला लागायचा, पडद्यावर दादाचं नाव यायचं, ती तो कापायची आणि पुन्हा फोटो काढायची. नमुनेरावांनी तिला भावाचा फोन कापताना कधी पाहिलं नव्हतं.

"नापास," डावी बाजू बघून ती म्हणाली, आणि रडता रडता हसली.

"सपशेल," नमुनेराव म्हणाले.

ती खिडकी आणि त्यांच्या मधे येऊन उभी राहिली, उजेड अडतोय हे लक्षात आल्यावर जरा बाजूला झाली, आणि फोन वर धरला.

"आता समोरचा राहिला," ती म्हणाली. "मान वर करा. माझ्याकडे बघा."